पक्षिचित्रांकित टपाल तिकिटे व त्यांचा संग्रह

पक्षिचित्रांकित टपाल तिकिटे व त्यांचा संग्रह : ज्या टपाल तिकिटांवर पक्ष्याचे चित्र हा मुख्य किंवा महत्त्वाचा घटक असतो, अशी तिकिटे जमवणे, त्यांवरील पक्ष्यांची जात निश्चित करणे व त्यांची काही एका योजनेनुसार मांडणी करणे, याला पक्षिचित्रांकित तिकिटांचा संग्रह असे म्हणतात. तिकीटसंग्रहाच्या विषयवार शाखेत या प्रकाराला मोठी लोकप्रियता लाभली आहे. एखाद्या देशाची सर्व तिकिटे कालक्रमाने जमवणे ही संग्रहाची जुनी पद्धत होय. विसाव्या शतकात सचित्र तिकिटांचे प्रमाण वाढल्यावर चित्राचा विषय हाच संग्रहाचा आधार मानण्याची प्रथा रूढ झाली. फुले, फुलपाखरे, आगगाड्या, नौका इ. विषयांप्रमाणेच पक्षी हा विषय त्यामुळे पुढे आला. पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती जगात आढळतात आणि त्यांपैकी हजारो जातींची चित्रे कोणत्या ना कोणत्या तिकिटावर आली आहेत.

या संग्रहाचे स्वरूप केवळ छंदाचे नाही. पक्ष्याकडे पाहण्याची मानवाची दृष्टी गेल्या पावणेदोनशे वर्षांत कशी पालटली, हे या तिकिटांतून क्रमाने दिसते. आरंभी पक्षी हे राज्याचे किंवा टपालसेवेचे केवळ प्रतीक होते. पुढे ते त्या भूमीचे वैशिष्ट्य ठरले. त्यानंतर जातिविशिष्ट शास्त्रीय चित्रणाचा विषय बनले आणि अखेरीस संरक्षणाची गरज असलेला जीव म्हणून तिकिटावर आले. तिकिटावर अंकित झालेल्या काही जाती आज अस्तित्वात नाहीत, तर काही नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत.

प्रतीकरूप पक्षी : जगातील पहिले टपाल तिकीट, ‘पेनी ब्लॅक’, ग्रेट ब्रिटनमध्ये मे १८४० मध्ये प्रचारात आले. त्यावर राणी व्हिक्टोरियाचे मुखचित्र होते. पक्ष्याचे चित्र असलेले पहिले तिकीट म्हणून स्वित्झर्लंडमधील बाझेल या परगण्याने १ जुलै १८४५ रोजी काढलेले अडीच रापेन किंमतीचे तिकीट ओळखले जाते. वास्तुशिल्पज्ञ मेल्किओर बेरी याने त्याचा आराखडा तयार केला होता. चोचीत पत्र धरून उडणारे पांढरे कबूतर त्यावर उठावदार छापून काढले असून भोवतीची नक्षी काळ्या, किरमिजी व निळ्या रंगांत आहे. ‘बाझेलचे कबूतर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या तिकिटावरील पक्षी कोणत्या जातीचा आहे हा प्रश्न गौण होता. संदेशवाहक एवढाच त्याचा अर्थ होता.

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या ब्रिटिश वसाहतीने १ ऑगस्ट १८५४ रोजी आपली पहिली तिकिटे काढली. इतर वसाहतींप्रमाणे राणीचे चित्र न घेता तिने स्वान नदीच्या परिसरात आढळणारा काळा हंस निवडला. यूरोपीय लोकांना पांढराच हंस परिचित असल्याने काळा हंस ही त्या प्रदेशाची ठळक खूण ठरली आणि पुढे सुमारे अर्धशतकापर्यंत वसाहतीच्या बहुतेक सर्व तिकिटांवर तोच राहिला. या मालिकेतील चार पेनी किंमतीच्या निळ्या तिकिटाच्या १८५५ मधील छपाईत शिळेवर प्रतिमा उतरवताना एका तिकिटाची चौकट उलटी बसली. वस्तुतः हंस सुलटा असून चौकट उलटी आहे. तथापि हे तिकीट ‘उलटा हंस’ याच नावाने ओळखले जाते. त्याच्या फार थोड्या प्रती उपलब्ध असल्याने दुर्मिळ तिकिटांत त्याची गणना होते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १८६९ च्या मालिकेतील दहा सेंटच्या तिकिटावर ढालीवर बसलेला गरुड दाखवला. ग्वातेमालाने १८७९ मध्ये क्वेत्झाल या लांब हिरव्या शेपटीच्या पक्ष्याला तिकिटावर स्थान दिले. बंदिवासात तो जगत नाही अशी तेथील लोकांची समजूत असल्याने तो स्वातंत्र्याचे प्रतीक मानला जातो. त्या देशाच्या चलनालाही पुढे त्याचेच नाव देण्यात आले. ब्रह्मदेशावर जपानने १९४२ मध्ये ताबा मिळवल्यानंतर ब्रिटिश राजाचे चित्र असलेल्या जुन्या तिकिटांवर मोराच्या आकृतीचे अधिमुद्रण करून ती वापरात आणली गेली. मोर हे ब्रह्मी राजसत्तेचे पूर्वापार चिन्ह असल्याने एका लहानशा आकृतीने सत्तांतर सूचित झाले. अशा तिकिटांत पक्ष्याच्या शरीररचनेपेक्षा त्याच्या प्रतीकमूल्याला महत्त्व असते.

जातिविशिष्ट चित्रण : पक्षी हा प्रतीक म्हणून नव्हे, तर विशिष्ट जातीचा प्राणी म्हणून दाखवण्याचा प्रारंभीचा प्रयत्न जपानच्या १८७५ च्या तिकिटांत दिसतो. त्यांतील बारा सेनच्या तिकिटावर रानहंस, पंधरा सेनच्या तिकिटावर धोबी व पंचेचाळीस सेनच्या तिकिटावर ससाण्याच्या जातीचा शिकारी पक्षी आहे.

न्यूझीलंडने एप्रिल १८९८ मध्ये काढलेली सचित्र मालिका या दृष्टीने महत्त्वाची आहे. तीन पेनीच्या तिकिटावर हुइया पक्ष्यांची जोडी, सहा पेनीच्या तिकिटावर किवी आणि एक शिलिंगच्या तिकिटावर केआ व काका हे पोपट दाखवले होते. हे सर्व पक्षी केवळ न्यूझीलंडमध्ये आढळणारे होत. हुइया पक्ष्यात नर व मादी यांच्या चोची इतक्या भिन्न असत, की प्रारंभी त्या दोन स्वतंत्र जाती समजल्या गेल्या होत्या. नराची चोच आखूड व बळकट, तर मादीची लांब, बारीक व वाकडी असे. पांढऱ्या टोकाची त्याची शेपटीची पिसे माओरी समाजात मोठेपणाची खूण मानली जात. इंग्लंडचा राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्क याने १९०१ च्या दौऱ्यात असे पीस टोपीत खोवल्यावर त्याची मागणी आणखी वाढली. जंगलतोड, बाहेरून आलेले भक्षक प्राणी व शिकार यांमुळे हुइया झपाट्याने घटला. त्याची शेवटची खात्रीलायक नोंद १९०७ मधील आहे. म्हणजे तिकीट निघाल्यानंतर दहा वर्षांच्या आतच तो दिसेनासा झाला. पक्षी जिवंत असताना निघालेले व तो नष्ट झाल्यावर संग्रहात उरलेले तिकीट म्हणून या तिकिटाला वेगळे महत्त्व आहे. याउलट, मॉरिशस बेटावरील डोडो हा पक्षी सतराव्या शतकातच नष्ट झालेला असल्याने १९५० च्या तिकिटावरील त्याचे चित्र हे जुनी चित्रे व अवशेष यांवर आधारलेले स्मरणचित्र होय.

याच काळात न्यूझीलंडमध्येच पक्षी व टपाल यांचा प्रत्यक्ष संबंध जुळून आला. ऑक्लंडपासून सुमारे ९० किमी. अंतरावरील ग्रेट बॅरिअर बेटाजवळ १८९४ मध्ये एक आगबोट बुडाली. परंतु दळणवळणाअभावी ती बातमी शहरात पोहोचण्यास काही दिवस लागले. त्यानंतर बेटावरून ऑक्लंडला संदेश नेण्यासाठी खाजगी कबूतरसेवा सुरू झाली आणि १८९८ मध्ये तिने स्वतःची तिकिटे छापली. समुद्रतळावरून तारायंत्राची वाहिनी टाकली गेल्यावर १९०८ मध्ये ही सेवा बंद पडली. सरकारी टपालाची नसली, तरी ही तिकिटे पक्षिविषयक संग्रहात मोलाची मानतात.

मुद्रणतंत्राचा परिणाम : एकोणिसाव्या शतकातील बरीच तिकिटे पोलादी पत्र्यावर कोरून एकाच रंगात छापली जात. कोरीव रेषांतून पिसांची ठेवण व चोचीचा आकार उत्तम रीतीने दाखवता येतो; परंतु अनेक जाती केवळ रंगांवरून ओळखल्या जात असल्याने एकरंगी चित्रात त्यांचा भेद स्पष्ट होत नाही. त्यामुळे हंस, गरुड, किवी अशा केवळ आकारावरून ओळखू येणाऱ्या पक्ष्यांनाच प्रारंभीच्या तिकिटांत प्राधान्य मिळाले. ऑस्ट्रेलियाने १९१४ मध्ये काढलेले कूकाबुरा या खंड्याच्या जातीच्या पक्ष्याचे तिकीट व १९३२ मधील लायर पक्ष्याचे तिकीट ही अशा कोरीव कामाची उदाहरणे होत.

विसाव्या शतकाच्या मध्यास बहुरंगी प्रकाशउत्कीर्णन व पुढे प्रतिरूप मुद्रण या तंत्रांचा प्रसार झाल्यावर ही मर्यादा दूर झाली. यानंतर लहान रंगीत पक्ष्यांच्या मालिका मोठ्या संख्येने निघू लागल्या. ग्रेट ब्रिटनमध्ये ८ ऑगस्ट १९६६ रोजी काळ्या डोक्याचा कुरव, ब्लू टिट, रॉबिन व ब्लॅकबर्ड यांची चार तिकिटे एकत्र जोडून प्रसिद्ध झाली. अमेरिकेने एप्रिल १९८२ मध्ये पन्नास घटक राज्यांचे पक्षी व फुले दाखवणारी पन्नास तिकिटे एकाच तक्त्यात छापली. त्यांतील पक्षी आर्थर सिंगर यांनी व फुले त्यांचे पुत्र ॲलन सिंगर यांनी रंगवली होती.

भारतातील तिकिटे : भारतीय तिकिटे पूर्वी लंडनमध्ये छापली जात. नासिक येथे प्रतिभूती मुद्रणालय स्थापन झाल्यावर १९२५ नंतर ती देशात छापली जाऊ लागली आणि १९५२ च्या संतकवींच्या मालिकेपासून तेथे प्रकाशउत्कीर्णन पद्धतीचा अवलंब झाला. भारतीय तिकिटांच्या शताब्दीनिमित्त १ ऑक्टोबर १९५४ रोजी निघालेल्या मालिकेतील दोन व चौदा आणे किंमतीच्या तिकिटांवर कबूतर व विमान एकत्र दाखवले आहेत. बाझेलच्या तिकिटाप्रमाणे येथेही पक्षी संदेशवहनाचे प्रतीक म्हणूनच येतो.

पक्ष्यांच्या जातींना वाहिलेली मालिका ३१ डिसेंबर १९६८ रोजी प्रसिद्ध झाली. तीत चार तिकिटे होती : तांबड्या चोचीचा निळा मॅगपाय (२० पैसे), तपकिरी कपाळाचा सुतार (५० पैसे), कोयत्यासारख्या वाकड्या चोचीचा सिमिटर बॅबलर (१ रुपया) आणि पिवळ्या पाठीचा सूर्यपक्षी (२ रुपये). दुसरी मालिका २८ एप्रिल १९७५ रोजी निघाली. तीत नवरंग, काळ्या डोक्याचा हळद्या, पश्चिमी ट्रॅगोपॅन व मोनाल हे पक्षी होते. नवरंग व हळद्या हे महाराष्ट्रातही आढळतात. ट्रॅगोपॅन व मोनाल हे हिमालयातील होत. भरतपूर येथील केवलादेव घना या पक्षितीर्थावर फेब्रुवारी १९७६ मध्ये निघालेल्या तिकिटावर रंगीत करकोचे (चित्रबलाक) आहेत.

मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी झाली. तिच्या शताब्दीनिमित्त १९८३ मध्ये काढलेल्या एक रुपयाच्या तिकिटावर महाधनेश आहे. संस्थेच्या कार्यालयात अनेक वर्षे पाळलेला ‘विल्यम’ नावाचा धनेश हे या निवडीमागील कारण असून तोच पक्षी संस्थेच्या बोधचिन्हातही आहे. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९६ मध्ये दोन जोडतिकिटे निघाली. त्यांत त्यांच्या चित्रासोबत करकोचे दाखवले आहेत. शिकारी पक्ष्यांच्या डिसेंबर १९९२ मधील मालिकेत मीनघार, बहिरी ससाणा, दाढीवाले गिधाड व सोनेरी गरुड यांचा समावेश आहे.

पाणपक्ष्यांची चार तिकिटे नोव्हेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत अंदमानी टील बदक, पौर्वात्य पांढरा करकोचा, काळ्या मानेचा क्रौंच व गुलाबी डोक्याचे बदक हे पक्षी होते. परंतु छपाईची शाई पाण्यात विरघळत असल्याचे लक्षात आल्याने ती लवकरच विक्रीतून मागे घेण्यात आली. त्यामुळे या संचाची, विशेषतः टपालात प्रत्यक्ष वापरलेल्या प्रतींची, दुर्मिळ भारतीय तिकिटांत गणना होते. त्यांतील गुलाबी डोक्याच्या बदकाची खात्रीलायक नोंद विसाव्या शतकाच्या मध्यानंतर झालेली नाही.

नित्य वापराच्या तिकिटांतही पक्ष्यांना स्थान मिळाले आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या निसर्गविषयक मालिकेत सारस क्रौंच व स्वर्गीय नर्तक हे पक्षी आहेत. ऑक्टोबर २००६ च्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या मालिकेत मोठा क्षत्रबलाक, निलगिरीतील लाफिंग थ्रश, मणिपुरी लावा व तणमोर यांची निवड झाली; तर जुलै २०१० मध्ये कबूतर व चिमणी या घराजवळच्या पक्ष्यांवर तिकिटे निघाली. शहरांतून चिमण्या कमी होत असल्याची चिंता त्या सुमारास सर्वत्र व्यक्त होत होती.

संरक्षण व तिकिटे : पक्षिसंरक्षणासाठी तिकिटाचा थेट उपयोग करण्याचे प्रमुख उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘बदक तिकीट’ होय. पाणथळ जमिनी नष्ट झाल्याने व दुष्काळामुळे बदकांची संख्या घटली, तेव्हा १९३४ च्या कायद्यान्वये स्थलांतरी पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या सोळा वर्षांवरील व्यक्तीने दरवर्षी एक तिकीट विकत घेणे सक्तीचे करण्यात आले. पहिल्या एक डॉलरच्या तिकिटाचे चित्र व्यंगचित्रकार जे एन. ‘डिंग’ डार्लिंग याने काढले होते. विक्रीतून येणाऱ्या रकमेपैकी बहुतांश, म्हणजे प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट, पाणथळ जमिनी मिळवण्यासाठी व राखण्यासाठी खर्च होतात. १९४९ पासून चित्राची निवड खुल्या स्पर्धेने केली जाते. हे महसुली तिकीट असून टपालखर्चासाठी चालत नाही; तरीही पक्षिविषयक संग्रहात त्याचा अंतर्भाव केला जातो. ग्रेट ब्रिटनने वन्य पक्षी संरक्षण कायद्याच्या शताब्दीनिमित्त जानेवारी १९८० मध्ये खंड्या, डिपर, पाणकोंबडी व पिवळा धोबी यांची चार तिकिटे काढली. जागतिक वन्यजीव निधीचे चिन्ह असलेल्या तिकिटांची मालिका १९८३ पासून अनेक देशांच्या सहकार्याने सुरू झाली.

भारतात माळढोकाचे २ रुपये ३० पैसे किंमतीचे तिकीट १ नोव्हेंबर १९८० रोजी, जयपूर येथील माळढोकविषयक आंतरराष्ट्रीय परिसंवादाच्या निमित्ताने निघाले. हा पक्षी एकेकाळी महाराष्ट्राच्या पठारी माळरानांवर नित्य दिसे. राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याची निवड व्हावी, असा सलीम अली यांचा आग्रह होता. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांत १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. तथापि गवताळ माळांचा ऱ्हास, शिकार व अलीकडे विजेच्या उच्चदाब तारांवर आदळून होणारे मृत्यू यांमुळे त्याची संख्या घटत गेली. आज देशात या जातीचे दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पक्षी उरले असून ते मुख्यतः राजस्थानात आहेत. भरतपूरला हिवाळ्यात येणाऱ्या सायबेरियन क्रौंचावर १९८३ मध्ये तिकीट निघाले. स्थलांतराच्या मार्गावरील शिकारीमुळे ही टोळी दरवर्षी लहान होत गेली आणि २००१–०२ च्या हिवाळ्यानंतर ती भरतपूरला आलेली नाही. तिकीट काढल्याने जात वाचतेच असे नाही, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते. मात्र ती कोणत्या वर्षी लक्ष देण्याजोगी वाटली होती, याचा दिनांकित पुरावा तिकिटात राहतो.

संग्रहाची पद्धती : जगात आजवर निघालेली सर्व पक्षिचित्रांकित तिकिटे जमवणे व्यवहारतः अशक्य आहे, म्हणून संग्राहकाने प्रारंभीच मर्यादा ठरवणे इष्ट असते. ही मर्यादा भौगोलिक (उदा., भारतीय उपखंड), वर्गीकरणात्मक (उदा., घुबडे, खंड्ये किंवा शिकारी पक्षी), परिसरात्मक (उदा., पाणथळ जागांतील पक्षी) अथवा कल्पनात्मक (उदा., नष्ट झालेले पक्षी, पक्षी व टपालवहन) असू शकते. शांतिदूत म्हणून काढलेली कबुतरे, राजचिन्हांतील गरुड यांसारख्या अलंकारिक आकृती घ्यावयाच्या की नाहीत, हेही आधी निश्चित करावे लागते.

संग्रहाचा गाभा म्हणजे तिकिटावरील पक्ष्याची अचूक ओळख हा होय. अनेक तिकिटांवर केवळ स्थानिक नाव असते. काहींवर नावच नसते. क्वचित चित्र एका जातीचे व नाव दुसरीचे, असाही प्रकार आढळतो. अशा वेळी चोच, पाय, पिसारा, नर-मादीतील भेद व तिकीट काढणाऱ्या देशातील पक्ष्यांचा आढळ यांचा विचार करून निर्णय घ्यावा लागतो. भारतीय पक्ष्यांसाठी सलीम अली यांचा इंग्रजी ग्रंथ द बुक ऑफ इंडियन बर्ड्स (१९४१ व नंतरच्या आवृत्त्या) आणि मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश उपयुक्त आहेत. स्टॅन्ली गिबन्स या संस्थेची पक्षिविषयक तिकिटांची स्वतंत्र सूचीही प्रसिद्ध झालेली आहे.

शास्त्रीय नावे कायम राहत नाहीत, ही बाब संग्राहकाने लक्षात ठेवणे आवश्यक असते. रंगीत करकोचा जुन्या ग्रंथांत आयबिस या प्रजातीत घातलेला आढळतो. आता त्याचे नाव मिक्टेरिया ल्यूकोसेफाला असे आहे. माळढोकाचे प्रजातिनाम कोरिओटिस ऐवजी आर्डिओटिस झाले आहे. पिवळ्या पाठीचा सूर्यपक्षी या नावाखाली पूर्वी हिमालयातील व सह्याद्रीतील पक्षी एकत्र मोजले जात; आता सह्याद्रीतील पक्षी स्वतंत्र जातीचा मानतात. म्हणून तिकिटावरील मूळ नाव व सध्याचे मान्य नाव या दोहोंची नोंद पृष्ठावर करण्याची पद्धत आहे.

केवळ कोऱ्या तिकिटांपुरता संग्रह मर्यादित नसतो. प्रथमदिवस आवरणे, लघुपत्रके, जोडतिकिटे, चित्रमय रद्दीकरण शिक्के, छापील तिकीट असलेली पाकिटे व पोस्टकार्डे, तसेच प्रत्यक्ष टपालातून गेलेली आवरणे यांचाही त्यात समावेश होतो. भारतात काही प्रसिद्ध स्थळांच्या टपालकचेऱ्यांत कायम स्वरूपाचे सचित्र शिक्के वापरले जातात. पक्ष्याचे तिकीट, त्याच पक्ष्याचा शिक्का व त्याच्या अधिवासाजवळील टपालकचेरीचे नाव ही तिन्ही एका आवरणावर आल्यास ते विशेष महत्त्वाचे मानतात. प्रदर्शनांतील विषयवार विभागात परीक्षण करताना संग्रहाची योजना व विकास, विषयाचे व तिकीटशास्त्राचे ज्ञान, वस्तूंची स्थिती व दुर्मिळता आणि मांडणी या बाबी विचारात घेतल्या जातात. केवळ संख्येला महत्त्व नसते.

जतन : वापरलेली तिकिटे पाकिटाच्या कागदासह कापून घेऊन साध्या थंड पाण्यात तरंगत ठेवतात, गोंद सुटल्यावर ती शोषकागदावर पालथी वाळवून जड पुस्तकाखाली दाबतात. मात्र शाई विरघळण्याची शंका असल्यास हा उपाय करीत नाहीत. १९९४ ची पाणपक्ष्यांची तिकिटे म्हणूनच मूळ कागदासह ठेवणे श्रेयस्कर ठरते. अलीकडची काही स्वयंचिकट तिकिटेही पाण्याने सुटत नाहीत. तिकीट बोटांनी न धरता चिमट्याने धरतात. कडेचे दात, जलचिन्ह व छपाईतील भेद भिंगाखाली तपासतात. कोऱ्या तिकिटांचा मूळ गोंद अबाधित राहावा म्हणून ती चिकटपट्टीने न लावता पारदर्शक पट्ट्यांच्या वहीत ठेवतात. कोकणपट्टीतील व मुंबईतील पावसाळी दमट हवेत गोंद ओलावून तिकिटे एकमेकांस चिकटतात व त्यांवर बुरशीचे तपकिरी डाग पडतात. वह्या उभ्या ठेवणे, कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे व कोरड्या दिवशी पाने उघडून हवा देणे हे त्यावरील साधे उपाय होत. थेट उन्हात रंग फिके पडतात.

सावधगिरी : पक्षी हा विषय लोकप्रिय असल्याने केवळ संग्राहकांना विकण्यासाठी तिकिटे काढण्याचे प्रकारही घडले आहेत. इराणी आखातातील अजमान, फुजैरा, उम्म अल्-कैवैन इ. लहान अमिरातींच्या नावे १९६० नंतरच्या दशकात व १९७२ पर्यंत रंगीत तिकिटांचे असंख्य संच छापले गेले. त्यांवरील बऱ्याच पक्ष्यांचा त्या वाळवंटी प्रदेशाशी काही संबंध नव्हता आणि बहुतेक प्रती छापखान्यातच शिक्का उमटवून विक्रीस येत. अशी तिकिटे दिसण्यास आकर्षक व स्वस्त असली, तरी प्रमुख सूच्यांत त्यांना पूर्ण मान्यता नाही. ज्या तिकिटावर शिक्का कोपऱ्यात नेमका बसलेला आहे व मागील गोंद जसाच्या तसा आहे, ते टपालात वापरलेले नसण्याचा संभव अधिक असतो. विद्यार्थ्याने प्रारंभी अशी तिकिटे ओळख करून घेण्यासाठी ठेवण्यास हरकत नाही. परंतु गंभीर संग्रहात ती वेगळी नोंदवावीत.

महत्त्व : या छंदातून मुलांना पक्ष्यांची नावे, त्यांचे देश, स्थलांतराचे मार्ग व वर्गीकरण यांचा परिचय होतो आणि चित्रातील पक्षी प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा निर्माण होते. संशोधकाच्या दृष्टीने या तिकिटांना चित्रकला, मुद्रणतंत्र व निसर्गविषयक शासकीय धोरण यांचे साधन म्हणून मूल्य आहे. हुइया, गुलाबी डोक्याचे बदक, सायबेरियन क्रौंच व माळढोक यांची तिकिटे सालवार लावून प्रत्येकीखाली त्या पक्ष्याची शेवटची ज्ञात नोंद किंवा सध्याची संख्या लिहिली, तर पक्षिसृष्टीच्या ऱ्हासाचा वृत्तांत एका पृष्ठावर उभा राहतो. त्यांपैकी माळढोकाखालील नोंद अद्याप पूर्ण झालेली नाही.